आपोआप उघडणारे फाटक

बारामती तालुक्यातील लोणी भापकर हे गाव तेथील जुन्या दगडी देवळांमुळे पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय त्या गावच्या माळावरील एक साधे लाकडी फाटक हा आहे. आमच्या वर्गातील एक विद्यार्थी सकाळच्या तासास बाकावर डोके टेकून झोपी जात असे. प्रथम आम्ही त्यास रागावलो. मागाहून चौकशी केली तेव्हा आम्हांस आमच्या रागाची लाज वाटली. त्याचे वडील दिवाळीनंतर मेंढरे घेऊन कोकणात उतरले होते. घरी वृद्ध आजोबा, आई आणि नुकतीच व्यालेली एक घोडी. घोडी व तिचे शिंगरू रात्री लांडग्यांच्या भयास्तव घरापासून दीड किलोमीटरवर असलेल्या दगडी वाड्यात कोंडलेली असत. त्या वाड्याचे फाटक उघडून त्यांस लगतच्या कुरणात सोडण्यासाठी हा मुलगा रोज अंधारात उठून जात असे, व तेथून परत येऊन शाळेची वाट धरी.

ही घोडी भीमथडी जातीची. भीमेच्या खोऱ्यातील ही बुटकी परंतु काटक तट्टे मराठ्यांच्या घोडदळात नावाजलेली होती, आणि धनगरांचा संसार आजही त्यांच्याच पाठीवरून फिरतो. देशी घोड्यांची एक स्वतंत्र जात म्हणून त्यांची अलीकडे राष्ट्रीय पातळीवर नोंदही झाली आहे.

कोणी म्हणेल, घोडी तासभर उशिरा सोडली तर काय बिघडले? त्याचे उत्तर घोड्याच्या पोटात आहे. बैल भरभर चरून घेतो व मग निवांत रवंथ करीत बसतो. घोडा रवंथ करीत नाही. त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते आणि त्यात पाचक आम्ल अखंड झरत राहते. म्हणून थोडे थोडे, पण सतत खाणे हा त्याचा स्वभावधर्म होय. फार वेळ उपाशी राहिल्यास त्यास जठराचे व्रण किंवा पोटशूळ होण्याचा संभव असतो. अर्थात घोडीची भूक आणि मुलाची झोप ह्या दोहोंचा मेळ घालणे हाच खरा प्रश्न होता.

बाजारात विजेवर चालणारी फाटके मिळतात. परंतु त्यांची किंमत गरीब कुटुंबास झेपणारी नाही. तेव्हा आम्ही व विद्यार्थी विचारास बसलो. पहिला धडा असा मिळाला की, फाटक ढकलण्याचे काम निराळे आणि वेळ ओळखण्याचे काम निराळे. ही दोन्ही कामे एकाच यंत्रावर लादली म्हणजे ते यंत्र महाग होते. बंदुकीचा घोडा बोटाने ओढतात, पण गोळी उडते ती दारूच्या बळाने. त्याचप्रमाणे बळ एकाचे असावे व इशारा दुसऱ्याचा.

बळ आम्ही पृथ्वीच्या आकर्षणापासून उसने घेतले. फाटकाची वरची बिजागरी खालच्या बिजागरीच्या ओळंब्यात न ठेवता कुरणाच्या बाजूस दीड इंच पुढे बसविली. दोन बिजागऱ्यांत चार फुटांचे अंतर होते. एवढ्या कलाने अटक काढताच फाटक आपल्या भारानेच कुरणाकडे उघडते. मात्र दहा फुटी फाटकाचे टोक पूर्ण उघडेपर्यंत सुमारे चार इंच खाली येते. म्हणून खाली सहा इंच मोकळी जागा ठेवावी लागली.

इशाऱ्याचे काम जुन्या बाजारातून आणलेल्या चावीच्या घड्याळाने केले. गजर वाजू लागला की त्याची मागील चावी उलटी फिरते. तीस बांधलेला दोरा गुंडाळला जातो व एक लहान खिळा ओढतो. त्या खिळ्यावर पाच किलो वाळूची पिशवी टांगलेली असते. पिशवी दीड फूट खाली पडते, आणि तिच्या हिसक्याने फाटकाची खिटी निघते. घड्याळ नसेल तर बारीक भोकाची पाण्याची बादलीही चालते; आपल्या पूर्वजांचे घटिकापात्र ह्याच जातीचे. मात्र पाणी जसजसे उतरते तसतशी धार मंदावते, हे ध्यानात ठेवून आधी दोन-तीन रात्री वेळ मोजून पाहावी व पाणी फडक्याने गाळून घ्यावे.

शाळेच्या आवारात हे सर्व उत्तम चालले. माळावर पहिल्याच पहाटे फसले. गजर वाजला, पिशवी पडली, पण खिटी हलेना. आम्ही बुचकळ्यात पडलो. आजोबा शांतपणे म्हणाले, “मास्तर, भुकेलं जनावर दाराला छाती लावूनच उभं राहायचं. तुम्ही फाटकाचा हिशेब केला, घोडीचा केला नाही.” हे अक्षरशः खरे होते. केवळ फाटकाची ओढ खिटीवर जेमतेम अर्धा-पाऊण किलो होती. घोडीच्या रेट्याने ती कितीतरी पटींनी वाढून खिटी आवळली गेली होती.

उपाय तरफेत सापडला. फाटक थेट खिटीने न अडविता खांबावर फिरणाऱ्या एका दांड्याने अडविले. दांड्याचा आखूड भाग चार इंच, लांब भाग चार फूट. खिटी लांब टोकास. आता घोडीने साठ किलोंचा रेटा दिला तरी खिटीवर पाचच किलो येतात. खिटी निघाली म्हणजे घोडीचा रेटाच फाटक उघडण्यास साहाय्य करतो. जे विघ्न होते तेच बळ झाले.

ज्यांस हा प्रयोग करावयाचा असेल त्यांनी चार गोष्टी विसरू नयेत. असे फाटक कुंपण घातलेल्या कुरणातच उघडावे, रस्त्याकडे कदापि नव्हे. कारण यंत्र अवेळीही उघडू शकते. गजराचे घड्याळ बारा तासांचे असते. पहाटे सहाचा गजर लावावयाचा तर सायंकाळी सहा वाजून गेल्यावरच दोरा जोडावा, नाही तर फाटक त्याच सायंकाळी उघडेल. उघडलेले फाटक वाऱ्याने परत फिरून शिंगरास लागू नये म्हणून त्यास धरून ठेवणारी कडी हवी. तसेच दोऱ्या व खिळे जनावराच्या अंगास लागणार नाहीत असे ठेवावेत. आणि यंत्र चुकलेच तर उपास घडू नये म्हणून रात्री थोडा कडबा आत टाकावा.

शेवटची युक्ती त्या मुलाचीच. फाटक उघडले की एका उंच वेळूवर पांढरे फडके चढते, असे त्याने दोरीने साधले. ते त्याच्या घराच्या अंगणातून दिसते. फडके दिसले तर तो पुस्तक उघडतो. न दिसले तर पायांत वहाणा घालून माळाकडे निघतो. सायंकाळी तर तो रोज जातोच, कारण शिंगराचे पाय चाचपून पाहणे हे कोणत्याही घड्याळास येत नाही.

आता तो पहिल्या तासास जागा असतो. पालकांस आमची एवढीच विनंती आहे की, मूल वर्गात पेंगते असे कळले तर शिक्षेपूर्वी त्याची पहाट कशी जाते हे आम्हांस सांगावे. कित्येक अडचणी दीड इंचाच्या कलाने सुटण्याजोग्या असतात.