वऱ्हाडचा ऋण-प्रश्न व चलन

हैदराबादच्या निजामाकडे ईस्ट इंडिया कंपनीचे येणे असल्याच्या कारणावरून १८५३ मध्ये वऱ्हाड प्रांताचा कारभार कंपनीकडे गेला. त्यातून उद्‍भवलेला आणि जवळजवळ शतकभर चाललेला राजकीय व आर्थिक वाद म्हणजे वऱ्हाडचा ऋण-प्रश्न होय. या प्रांतात आजचे अमरावती, अकोला, वाशिम, बुलढाणा व यवतमाळ हे जिल्हे आणि उत्तरेस सातपुड्यातील धारणी–चिखलदऱ्याचा मेळघाट मुलूख यांचा समावेश होतो. राज्याचे कर्ज, त्यासाठी दिलेले तारण आणि धनकोच्या चलनात ऋणकोच्या मुलखाचा झालेला समावेश, या तीन गोष्टी येथे एकमेकींत गुंतलेल्या आढळतात.

पार्श्वभूमी : अठराव्या शतकात वऱ्हाडात निजाम व नागपूरकर भोसले यांचा दुअमली अंमल होता व महसुलाची वाटणी दोघांत होई. दुसऱ्या इंग्रज–मराठे युद्धात अडगावची लढाई (२९ नोव्हेंबर १८०३) व गाविलगडचा पाडाव (१५ डिसेंबर १८०३) यांनंतर झालेल्या देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख सोडला आणि १८०४ मध्ये तो निजामास मिळाला. नरनाळा व गाविलगड हे किल्ले आणि त्यांच्या लगतचा प्रदेश भोसल्यांकडे राहिला होता. तोही १८२२ च्या तहान्वये निजामाकडे आला. अशा रीतीने संपूर्ण वऱ्हाड एका सत्तेखाली आले खरे. परंतु ती सत्ता त्याच सुमारास कर्जात रुतत चालली होती.

ऋणाची वाढ : या कर्जाचे मूळ लष्करी खर्चात होते. १८०० च्या तहानुसार निजामाने तैनाती फौजेच्या खर्चासाठी म्हैसूरकडून मिळालेला मुलूख कंपनीला कायमचा तोडून दिला होता [⟶ तैनाती फौज]. युद्धप्रसंगी ६,००० पायदळ व ९,००० घोडदळ पुरविण्याचेही त्याने मान्य केले होते. या दुसऱ्या अटीचा आधार घेऊन रेसिडेंट हेन्री रसेल (कार्यकाल १८११–२०) याने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक कायमची फौज उभारली. तीच पुढे ‘हैदराबाद कंटिंजंट’ म्हणून ओळखली गेली. तिचा वार्षिक खर्च सु. ४० लाख रुपयांच्या घरात गेला. १८१८ नंतर दख्खनमध्ये शांतता नांदू लागली, तरी ही फौज कमी झाली नाही. तीवर हुकमत कंपनीची आणि पगार निजामाचा, अशी ही विषम व्यवस्था होती.

पगार वेळेवर देण्यासाठी दिवाणगिरीची सूत्रे हाती असलेल्या राजा चंदूलालने सावकारांकडून कर्जे काढली. हैदराबादेतील विल्यम पामर आणि कंपनी या पेढीला १८१६ मध्ये संस्थानास कर्ज देण्याची खास परवानगी मिळाली आणि लवकरच या पेढीचे कर्ज संस्थानास डोईजड झाले. रेसिडेंट चार्ल्स मेटकाफने तिच्या व्यवहारांना आक्षेप घेतल्यावर १८२३ मध्ये ते फेडण्यात आले. पण त्यासाठी उत्तर सरकार प्रांताबद्दल कंपनीकडून दरसाल येणारी सात लाखांची पेशकश निजामाला कायमची सोडावी लागली. तिच्या मोबदल्यात एकरकमी सु. १ कोटी १६ लाख रुपये मिळाले व ते धनकोंकडे गेले. कर्ज फिटले, पण उत्पन्नाची एक बाब नाहीशी झाली आणि फौजेचा खर्च मात्र तसाच राहिला.

यानंतर वऱ्हाडचा महसूल सावकारांकडे लावून देण्याची प्रथा वाढली. सावकार पुरणमल याच्याकडे प्रांताचा मोठा भाग इजाऱ्याने होता. १८३९ मध्ये त्याला दूर केल्यावर पेस्तनजी मेहेरजी यांच्या पारशी पेढीस महसूल लावून देण्यात आला. याच पेढीने १८२५–२६ च्या सुमारास वऱ्हाडचा कापूस बैलांवरून मुंबईस धाडून त्या व्यापाराचा पाया घातला होता. औरंगाबादची टाकसाळही तिच्याकडे होती. तेथील रुपयास ‘पेस्तनशाही’ म्हणत. कर्ज देणारा, महसूल वसूल करणारा व नाणे पाडणारा एकच, असा हा प्रकार होता. इजारदाराची दृष्टी मुदतीपुरतीच असल्याने रयतेकडून शक्य तेवढे काढून घेण्याकडे त्याचा कल राही. १८४३ मध्ये चंदूलालने पद सोडले, तेव्हा संस्थानाची पत जवळजवळ संपली होती. फौजेचा पगार कंपनी स्वतःच्या खजिन्यातून आगाऊ देऊ लागली आणि ती रक्कम व्याजासह निजामाच्या नावे चढू लागली.

१८५३ चा तह : गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीने थकबाकीसाठी प्रथम रोख रकमेची आणि नंतर मुलखाची मागणी केली. १८५१ मध्ये निजाम नासिरुद्दौला याने मोठी रक्कम भरली. परंतु मूळ खर्च चालूच असल्याने १८५३ पर्यंत थकबाकी पुन्हा ४० लाखांवर गेली. शांततेच्या काळात अशी फौज बाळगण्याचे बंधन १८०० च्या तहात नाही, असे दरबाराचे म्हणणे होते. खुद्द डलहौसीनेही आपल्या टिपणात ही अडचण मान्य केली होती. तथापि लष्करी कारवाईचे भय दाखविण्यात आल्यावर २१ मे १८५३ रोजी निजामाने तहावर सही केली. त्यानुसार वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब हे सु. ५० लाख उत्पन्नाचे प्रदेश कंपनीच्या व्यवस्थापनाखाली गेले. उत्पन्नातून फौजेचा खर्च व कर्जावरील व्याज भागवावे आणि शिल्लक निजामास द्यावी, असे ठरले. मुलखावरील स्वामित्व निजामाचेच राहिले. दिवाण सिराजुल्मुल्क तहानंतर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याचा पुतण्या सालारजंग दिवाण झाला.

हिशेबाचा वाद : सिकंदराबाद व जालना येथील छावण्यांतील अबकारीचे उत्पन्न कंपनीने १८१२ पासून स्वतःकडे ठेवले होते. ते दरसाल सु. एक लाख धरले, तर १८५३ पर्यंत निजामाचेच कंपनीकडे जवळजवळ तेवढे येणे निघते, असा दरबाराचा प्रतिदावा होता. दोन्ही बाजूंचा हिशेब निःपक्षपातीपणे झाला असता, तर कंपनीचे येणे उरले नसते, असा अभिप्राय पुढे रेसिडेंट डेव्हिडसननेही १८६० मध्ये दिला. परंतु हा हिशेब तपासणारी तिसरी संस्था अस्तित्वात नव्हती. ज्याने खर्च ठरविला, त्यानेच कर्ज दिले, येणे मोजले आणि तारणही ताब्यात घेतले.

१८५७ च्या उठावात हैदराबाद इंग्रजांच्या बाजूने राहिल्याबद्दल १८६० मध्ये नवा तह झाला. ५० लाखांचे कर्ज माफ करण्यात आले आणि धाराशिव व रायचूर दुआब परत मिळाले. वऱ्हाड मात्र फौजेच्या खर्चासाठी ब्रिटिशांच्या ताब्यात राहिले. शिवाय खर्चाचा हिशेब मागण्याचा निजामाचा हक्कही गेला. कर्ज संपले तरी तारण सुटले नाही, हे या प्रश्नाचे वैशिष्ट्य ठरले. फौजेच्या खर्चाची हमी म्हणून भांडवल ठेवण्याची तयारी सालारजंगने दाखविली व १८७६ मध्ये तो इंग्लंडलाही जाऊन आला. पण वऱ्हाड परत मिळाले नाही.

चलन : १८५३ पूर्वी वऱ्हाडात एलिचपुरी, नागपुरी, औरंगाबादी अशी अनेक नाणी चालत. प्रत्येकाचे वजन व कस वेगळा असल्याने सराफ बट्टा घेऊन ती बदलून देई व हा बोजा अखेरीस शेतकऱ्यावर पडे. कंपनीने १८३५ मध्ये १८० ग्रेन वजनाचा एकच चांदीचा रुपया आपल्या मुलखासाठी ठरविला होता. वऱ्हाडात इंग्रजी अंमल आल्यावर तोच सरकारी देण्याघेण्याचे नाणे झाला. हैदराबादेत सालारजंगने याच दशकात ‘हाली सिक्का’ सुरू केला; त्याचा दर साधारणतः सात हाली रुपयांस सहा ब्रिटिश रुपये असा स्थिरावला. एकाच राजाचे स्वामित्व असलेल्या दोन भागांत अशी दोन चलने चालू लागली.

एकचलनाचा लाभ स्पष्ट होता. बट्टा गेला, मुंबईशी व्यवहार सोपा झाला आणि १८६१–६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात कापसाचा भाव चढला, तेव्हा पैसा थेट वऱ्हाडात आला. मेळघाटासारख्या सीमेवरच्या मुलखाच्या दृष्टीनेही तापीपलीकडील निमाड व अलीकडील वऱ्हाड यांत एकच नाणे चालणे सोयीचे होते. परंतु या लाभास दुसरी बाजू होती. मुंबईच्या धर्तीवर १८६० नंतर झालेल्या जमाबंदीत सारा तीस वर्षांकरिता रोख रुपयांत ठरला. कापसाचा भाव उतरला, तरी सारा व सावकाराचे देणे उतरत नसे. चांदी स्वस्त होत असता निर्यातदारास जादा रुपये मिळत. १८९३ मध्ये सरकारने टाकसाळी खुल्या नाणेपाडणीस बंद केल्या व पुढे रुपयाचा दर १६ पेन्सांवर बांधला, तेव्हा हा आधारही नाहीसा झाला. १९२७ मध्ये हा दर १८ पेन्स करण्यात आला. त्यामुळे शेतमालास कमी रुपये मिळतील, असा आक्षेप पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी चलन आयोगावरील आपल्या भिन्नमतपत्रिकेत घेतला होता. त्यानंतरच्या मंदीत ऋणको शेतकऱ्याची स्थिती इतकी बिकट झाली, की मध्य प्रांत सरकारला १९३३ मध्ये कर्जतडजोडीचा कायदा करावा लागला.

१९०२ व १९३६ चे करार : ५ नोव्हेंबर १९०२ रोजी लॉर्ड कर्झनने निजाम महबूब अली खानशी करार करून वऱ्हाड दरसाल २५ लाख रुपये खंडाने कायमच्या पट्ट्यावर घेतले. या खंडातूनही काही वर्षे संस्थानास दिलेल्या कर्जाची वसुली होणार होती. १ ऑक्टोबर १९०३ पासून वऱ्हाड मध्य प्रांतास जोडण्यात आले. पुढील निजाम मीर उस्मान अली खानने १९२३ मध्ये प्रांत परत मागितला. १९२६ मध्ये लॉर्ड रीडिंगने ब्रिटिश सार्वभौमत्वाचा दाखला देऊन ही मागणी फेटाळली. १९३६ च्या कराराने निजामास ‘हैदराबाद व वऱ्हाडचा निजाम’ आणि युवराजास ‘वऱ्हाडचा राजपुत्र’ या पदव्या मिळाल्या. कारभारात मात्र फरक पडला नाही. या साऱ्या वाटाघाटींत वऱ्हाडच्या रहिवाशांचे मत कोणत्याही टप्प्यावर घेतले गेले नाही. स्वातंत्र्यानंतर निजामाचे नाममात्र स्वामित्व संपले आणि हाली सिक्काही १९५० नंतरच्या दशकात चलनातून गेला. राज्यपुनर्रचनेत १९५६ मध्ये वऱ्हाड मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आले.

मूल्यमापन : राज्याचे कर्ज व सार्वभौमत्व यांचा असा संबंध इतरत्रही दिसतो. १८७६ मध्ये ईजिप्तच्या महसुलावर परदेशी धनकोंचा आयोग बसला व १८८२ मध्ये तेथे ब्रिटिश सैन्य आले. ग्रीसवर १८९८ मध्ये आंतरराष्ट्रीय वित्तीय नियंत्रण आले. याच ग्रीसने २००१ मध्ये यूरो हे सामाईक चलन स्वीकारले. २०१० पासूनच्या कर्जसंकटात त्याला आपल्या चलनाचा दर उतरविण्याचा मार्ग खुला नव्हता. ५ जुलै २०१५ च्या सार्वमतात तेथील मतदारांनी धनकोंच्या अटी नाकारल्या. तरीही यूरोत राहण्यासाठी सरकारने त्याच वर्षी नवे कर्ज व कठोर अटी पतकरल्या. ग्रीसला निदान हा प्रश्न लोकांपुढे ठेवता आला. वऱ्हाडची गोष्ट याहून निराळी होती. तेथे कर्ज लोकांनी काढले नव्हते, फौज त्यांच्या इच्छेने उभी राहिली नव्हती आणि चलन त्यांनी निवडले नव्हते. सारा मात्र त्यांनीच भरला. सामाईक चलनापासून लाभ होतो, हे वऱ्हाडच्या कापसाने दाखविले. त्या चलनाचा दर ठरविणाऱ्या सत्तेत सभासदाला स्थान नसेल, तर मंदीचा भार सर्वांत दुर्बल घटकावर पडतो, हेही त्याच इतिहासातून स्पष्ट होते.