दालच्यासाठी दुधी चिरताना

काचीगुड्याच्या मराठी गृहिणींना हैदराबादी दालचा ठाऊकच आहे: मटण, हरभऱ्याची डाळ आणि दुधी. फिलिपिन्समध्येही कांदा-लसणावर खिमा परतून त्यात दुधी शिजवतात. नवशिक्यांनी दालचा अवश्य करावा, पण आमची एक सूचना ध्यानात ठेवावी.

चिरताना दुधीचा लहानसा तुकडा चाखून थुंकून टाकावा. कडू लागल्यास सबंध दुधी फेकून द्यावा. त्यातले विष शिजवल्याने जात नाही. उलट्या, जुलाब होतात, रक्तही पडते. कडू दुधीच्या रसाने माणसे दगावल्याची नोंद भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या समितीने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात आहे. असे काही झाल्यास घरगुती उपाय करीत न बसता ताबडतोब दवाखाना गाठावा.

दुधी गोड निघाला की अर्धा किलो मटण आले, लसूण, हळद, तिखट घालून शिजवावे. भिजवलेली वाटीभर डाळ निराळी शिजवून त्यात मिसळावी, मग दुधीच्या फोडी घालाव्यात. चिंचेचा कोळ अगदी शेवटी. आंबट आधी पडले तर डाळ शिजता शिजत नाही.

मळेकऱ्यांनीही लक्षात ठेवावे: ज्या वेलाला कडू फळ आले, त्याचे बी धरू नये.