दुखणे कोणाच्या तोंडून?

अमरावती जिल्ह्यातील धारणी-चिखलदरा हा मेळघाटचा मुलूख. येथील कोरकू भाषा मुंडा कुळातली. मराठी-हिंदीहून कुळानेच वेगळी. दवाखाना मात्र मराठी-हिंदीत बोलतो. जेथे दुभाषी नसते तेथे कोरकू बाईचे दुखणे नवरा सांगतो, नाहीतर शाळेत जाणारे पोर. अंगावरून जाते, हे पोराच्या तोंडून कसे यावे? बाई गप्प राहते आणि व्यवस्था तिलाच अडाणी ठरवते.

समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, रुग्णाची संमती पुरेशा माहितीवर आधारलेली हवी. मग न कळलेल्या कागदावरचा अंगठा संमती कशी ठरेल?

म्हणून दवाखान्यात पगारी, प्रशिक्षित दुभाषी हवी. तिने रुग्णाचे बोलणे गाळू नये, पदरचे घालू नये, बाहेर सांगू नये. या जागांवर कोरकू मुलींचीच भरती व्हावी, ही मागणी चळवळीने लावून धरली पाहिजे.