सत्तराव्या सेकंदाला यकृत उजळतं

पोटाचा सीटी ‘कॉन्ट्रास्ट घालून’ काढायचा म्हटलं की पेशंटचं लक्ष सुईकडे असतं आणि रेडिओलॉजिस्टचं घड्याळाकडे. औषध तेच, माणूस तोच. पण फोटो कितव्या सेकंदाला काढला यावर सगळं ठरतं.

हाताच्या शिरेत साधारण १०० एमएल कॉन्ट्रास्ट (फोटोत उजळ दिसणारं आयोडीनयुक्त औषध) शिरतं आणि हृदय-फुप्फुसांची फेरी मारून २०-२५ सेकंदांत पोटातल्या महाधमनीत हजर होतं. ३५-४० सेकंदांना स्कॅन केला तर धमन्या लखलखीत आणि यकृत अजून फिकंच. ७० सेकंदांच्या आसपास तेच यकृत उजळून निघतं. यकृताला सुमारे ७५ टक्के रक्त आतडी आणि प्लीहेकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून मिळतं, आणि हा वळसा लांबचा. यकृताच्या पेशींचा कॅन्सर मात्र आगाऊ. तो आपलं रक्त मुख्यतः धमनीतूनच ओढतो. त्यामुळे सगळ्यांच्या आधी झळकतो, आणि यकृत उजळेपर्यंत स्वतः काळवंडतो. सिरॉसिसच्या पेशंटमध्ये हे दोन्ही ठळक दिसलं तर बऱ्याचदा सुईने तुकडा काढायचीही गरज उरत नाही. एका गाठीचे वेगवेगळ्या वेळचे फोटो, आणि निदान हातात!

धमनीच्या या टप्प्यात प्लीहा चक्क पट्टेरी दिसते. आजार नाही, काही नाही. तिच्या आतल्या भागांतून रक्त कमीजास्त वेगाने वाहतं, इतकंच. रेडिओलॉजीवाले तिला ‘झेब्रा स्प्लीन’ म्हणतात. ७० सेकंदांना पट्टे गुल.

आता, सगळ्यांची हृदयं एकाच चालीने कुठे चालतात? थकलेल्या हृदयाच्या माणसात कॉन्ट्रास्ट रेंगाळत पोचतं. म्हणून मशीन महाधमनीवर एक छोटं वर्तुळ ठेवून त्याच जागेचे कमी डोसचे फोटो घेत राहतं. तिथला आकडा १००-१५० हौन्सफील्डच्या वर गेला की ठरलेले सेकंद मोजून खरा स्कॅन सुरू. (या मोजपट्टीवर पाणी ०, हवा उणे १०००.)

सेकंदाला ३ ते ५ एमएल हा वेग हाताने सिरिंज दाबून सांभाळता येत नाही. त्यासाठी दोन नळकांड्यांचा प्रेशर इंजेक्टर असतो: एकात कॉन्ट्रास्ट, दुसऱ्यात सलाइन. मागून येणारं सलाइन शिरेत रेंगाळलेलं कॉन्ट्रास्ट पुढे रेटतं, म्हणजे महागडं औषध दंडातच अडकून राहत नाही. कोपराजवळची जाड शीर आणि गुलाबी किंवा हिरवी कॅन्युला हवी असते, ती या वेगासाठीच. मनगटावर बारीक पिवळी लावून आलेल्या पेशंटला पाहून टेक्निशियनचा चेहरा पडतो, तो उगाच नाही.

औषध आत जाताना अंगभर ऊब पसरते, तोंडाला धातूची चव येते आणि ‘चादर ओली केली की काय?’ अशी शंका चाटून जाते. केलेली नसते. मिनिटभरात सगळं ओसरतं.

जुनी कॉन्ट्रास्ट औषधं तर चांगलीच जळजळायची. स्वीडिश रेडिओलॉजिस्ट टॉर्स्टन आल्मेन यांना समुद्रात पोहताना जाणवलं, की पाणी कमी खारट असलं की उघडे डोळे कमी चुरचुरतात. मग शिरेलाही कमी ‘खारट’ औषध का नको? या तर्कातून १९६०च्या दशकाअखेरीस नॉन-आयॉनिक कॉन्ट्रास्टची कल्पना निघाली. आजची बहुतेक औषधं त्याच घराण्यातली.

कोकण-गोव्याकडे हमखास येणारा प्रश्न: ‘डॉक्टर, मला कोळंबीची अ‍ॅलर्जी. आयोडीन चालेल ना?’ कोळंबीची अ‍ॅलर्जी येते मुख्यतः तिच्या ट्रोपोमायोसिन या प्रथिनामुळे. आयोडीन बिचारं निर्दोष. खरं सांगायला हवं ते हे, की पूर्वी कधी कॉन्ट्रास्टचीच रिअ‍ॅक्शन आली होती का, आणि किडन्या कशा आहेत.

आतडी फुगवून नीट दाखवायला पोटातूनही काहीतरी द्यावं लागतं. आपल्याकडे बऱ्याच सेंटरांत पाण्यात मॅनिटॉल घालून लिटर-दीड लिटर पाजतात. चवीला गोडसर, म्हणून घटाघटा जातं. पण मॅनिटॉल आतड्यात पाणी धरून ठेवतं. तेव्हा स्कॅन झाल्या झाल्या लांबच्या एसटीत बसायची घाई करू नये.