प्लॅन वाढवण्याआधी राउटर हलवा

घरातलं इंटरनेट रखडायला लागलं की बहुतेक कुटुंबांत पहिली सूचना येते ती प्लॅन बदलण्याची. 50 एमबीपीएसचा 100 करायचा, 100 चा 200. बिल वाढतं, आतल्या खोलीतला व्हिडिओ कॉल मात्र पूर्वीसारखाच अडखळतो. आपण पैसे मोजतो ते फायबरमधून राउटरपर्यंत येणाऱ्या वेगाचे. राउटरपासून हातातल्या मोबाइलपर्यंतचा आठ-दहा मीटरचा टप्पा त्या पैशांत धरलेलाच नसतो, आणि सिमेंटच्या घरांत वेग गळतो तो बहुधा तिथेच. शिवाय गरज तरी किती असते? फोर-के दर्जाच्या चित्रपटासाठी नेटफ्लिक्स 15 एमबीपीएस वेग सुचवतं. व्हिडिओ कॉलला तीन-चार पुरतात. चार माणसांच्या घरात सगळे एकाच वेळी स्क्रीनसमोर बसले तरी 100 ची जोडणी क्वचितच अपुरी पडते. तेव्हा प्लॅनवर आणखी पैसे घालण्याआधी घरातला हा टप्पा तपासणं जास्त शहाणपणाचं आहे, असं मला ठामपणे वाटतं.

तपासणीला दहा मिनिटं लागतात. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडून वेग मोजावा, मग केबल काढून सर्वांत लांबच्या खोलीत वायफायवर मोजावा. केबलवर पूर्ण वेग मिळतो आणि खोलीत त्याचा दहावा हिस्सा, असं दिसलं तर दोष कंपनीच्या माथी मारता येत नाही. केबलवरही वेग कमीच असेल तर तक्रार रास्त आहे. त्यातही एक खूण ध्यानात ठेवावी : 200 चा प्लॅन असून केबलवरचा आकडा 94-95 लाच अडकत असेल, तर राउटरचं किंवा लॅपटॉपचं पोर्टच 100 एमबीपीएसचं असण्याचा दाट संभव आहे, कधी सदोष केबलही हाच आकडा दाखवते. तिथे प्लॅन कितीही वाढवला तरी फरक पडणार नाही. आणि फाइल उतरवताना दिसणारा आकडा मेगाबाइटमध्ये असेल तर एमबीपीएसशी ताडून पाहण्याआधी त्याला आठने गुणावं. 100 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट. कित्येक तक्रारी केवळ या गुणाकाराअभावी होतात.

आता भिंतींकडे येऊ. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की वायफायच्या लहरींची ताकद चौथ्या हिश्शावर येते; दोन मीटरवर जी असते, तिचा सोळावा भाग आठ मीटरवर उरतो. हे मधे काहीही नसताना. विटांची भिंत त्यातलं काही खाते, सळ्या घातलेलं काँक्रीट बरंच जास्त, आणि लोखंडी कपाट किंवा मोठा आरसा तर लहरी परतच फिरवतो. पाण्याची टाकी, फिशटँक, फ्रीज हेही अडसरच. राउटरकडे साधारण दोन पट्टे असतात. 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतीतून बऱ्यापैकी पार होतो, पण त्यात एकमेकांत न घुसणारी चॅनल जेमतेम तीन, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात गजबज करतो. सोसायटीच्या इमारतीत वरखाली, शेजारीपाजारी वीसेक राउटर तीच तीन चॅनल वाटून घेत असतात. 5 गिगाहर्ट्झला जागा भरपूर, भारतात या पट्ट्याचा आणखी मोठा भाग 2018 मध्ये परवानामुक्त झाला. पण त्याच्या लहरी भिंतींपुढे लवकर दमतात. म्हणजे वेगवान पट्टा हवा असेल तर राउटर जवळ आणि नजरेच्या टप्प्यात हवा.

आणि आपण तो ठेवतो कुठे? जोडणीला आलेला माणूस वायर जिथून घरात शिरते तिथेच, दाराच्या वर किंवा टीव्हीमागे, राउटर ठोकतो. वायर कमी लागते, काम लवकर उरकतं. मग तो दिसू नये म्हणून कोणी शोकेसमध्ये सरकवतं, कोणी माळ्यावर. घराच्या एका टोकाला असलेला राउटर निम्म्या लहरी जिन्याला आणि शेजाऱ्यांना वाटून टाकतो. तोच पॅसेजमध्ये, घराच्या मध्याजवळ, खांद्याच्या वरच्या उंचीवर उघडा ठेवला तर अनेक घरांचा प्रश्न तिथेच सुटतो. खर्च येतो तो काही मीटर वायरीचा.

कोपऱ्यातल्या राउटरची शिक्षा फक्त लांबच्या खोलीलाच होते असं समजणं चूक आहे. एका चॅनलवर एका क्षणी एकच यंत्र बोलू शकतं, बाकीच्यांनी थांबायचं. रेंज कमी असली की मोबाइल आणि राउटर चुका टाळण्यासाठी सावकाश बोलू लागतात. राउटरशेजारचा लॅपटॉप 300 एमबीपीएसने बोलत असेल आणि आतल्या खोलीतला मोबाइल 6 ने, तर तेवढीच माहिती न्यायला मोबाइल पन्नासपट वेळ हवा अडवून बसतो. तेवढा वेळ लॅपटॉपही ताटकळतो. दिवाणखान्यातला टीव्ही चांगल्या रेंजमध्ये असूनही मधेच थबकतो, त्यामागे पुष्कळदा आतल्या खोलीतला हा मोबाइल असतो.

यावर दुकानात मिळणारं उत्तर म्हणजे आठ अँटेनांचा महागडा राउटर. नवे राउटर गर्दीत हवेचा वापर नेटका करतात, हे मान्य. फार जुना राउटर बदलावाच. पण राउटरने किती ताकदीने लहरी सोडायच्या याला सरकारी मर्यादा आहे, आणि संभाषण दुतर्फी असतं. राउटरचा आवाज मोबाइलपर्यंत पोचला तरी मोबाइलच्या चिमुकल्या अँटेनाचा आवाज दोन काँक्रीटच्या भिंतींतून राउटरला ऐकू यायला हवाच. दुसरं उत्तर रिपीटरचं. तो रेंजच्या दांड्या भरून दाखवतो, मात्र एकाच पट्ट्यावर चालणारा रिपीटर प्रत्येक गोष्ट दोनदा बोलतो, एकदा ऐकताना आणि एकदा पुढे सांगताना, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. तो लावायचाच तर अर्ध्या वाटेवर, जिथे मूळ रेंज अजून चांगली आहे तिथे. जिथे रेंज मरते त्या खोलीत लावून उपयोग नाही.

मोठ्या घरांना, दुमजली बंगल्यांना, जाड भिंतींच्या जुन्या वाड्यांना किंवा कोकणातल्या चिऱ्याच्या घरांना एक राउटर पुरणार नाही, हा आक्षेप मात्र खरा आहे. तिथे वायफायचं दुसरं केंद्र लागतंच, आणि ते मूळ राउटरला लॅन केबलने जोडलेलं असावं. भिंतीवर वायर वाईट दिसते म्हणून लोक नकार देतात. पण विजेच्या वायरीसाठी वापरतात तीच केसिंग पट्टी इथेही चालते, आणि भाड्याच्या घरात दाराच्या चौकटीलगत, फरशीच्या कडेने ती चिकटवता येते. केबल आलीच आहे तर टीव्ही आणि टेबलावरचा संगणकही तिलाच जोडावा. ही यंत्रं जागची हलत नाहीत. त्यांना वायफायची गरज नाही, आणि ती बाजूला झाली की उरलेली हवा मोबाइलना मोकळी मिळते. एवढं करून रात्री नऊच्या सुमारास, सगळे घरात असताना, केबलवर पुन्हा वेग मोजावा. प्लॅनचा वेग पूर्ण मिळत असूनही कॉल तुटत असतील, तर मग खुशाल मोठा प्लॅन घ्यावा.