तयार कानाचा नट

गाणाऱ्यांच्या घरात ‘तयार कान’ हा शब्द मानाने उच्चारतात. गळ्याची देणगी नसलेल्या माणसालाही तयार कानामुळे मैफलीत पुढची जागा मिळते. नटाच्या बाबतीत मात्र आपण आवाज बघतो, चेहरा बघतो, शब्दफेक बघतो. कान कुणी बघत नाही. गेली चाळीस वर्षं मी हे भांडण भांडतोय, आणि त्यातला माझा पहिला साक्षीदार लेनर्ड निमॉय आहे. ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळप्रवासाची अमेरिकी मालिका आणि त्यात निमॉयने साकारलेला लांब कानांचा स्पॉक वाचकाला नव्याने सांगायला नको. मी लिहिणार आहे ते निमॉयच्या कानाबद्दल, आणि त्या कानाने त्याचा उत्तरार्ध कसा घडवला याबद्दल.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ही मालिका लागायची. आमच्याकडे टीव्ही नव्हता. शेजारच्या बिऱ्हाडात दाटीवाटीने बसून आम्ही ती पाहायचो. आई मांडीवर तांदळाचं ताट घेऊन दाराशी बसलेली असायची. तिला इंग्रजीचा गंध नव्हता. एका रविवारी खडे वेचता वेचता ती म्हणाली, “बाकीचे आपली पाळी कधी येते म्हणून थांबलेत. तो लांब कानांचा तेवढा ऐकून घेतोय.” पुढे मी नाटकाच्या नादी लागलो, अभिनयाची शिबिरं घेतली, जाडजूड पुस्तकं वाचली. आईच्या त्या वाक्याच्या पुढे मला कधी जाता आलं नाही.

निमॉयवर लिहिणाऱ्यांचे दोन पंथ आहेत आणि दोन्हींशी माझं पटत नाही. पहिला पंथ म्हणतो, रबरी कान चिकटवले, भुवया तिरक्या केल्या आणि नट तयार झाला. दुसरा म्हणतो, स्पॉकपासून पळण्यात त्याचं आयुष्य गेलं. दोघांनीही मालिका संपल्यावरचा, १९६९ नंतरचा निमॉय पाहिलेला नाही. पाहिला असता तर त्यांना कळलं असतं, की त्याने स्पॉककडून मिळालेली एकच गोष्ट आयुष्यभर वाढवत नेली.

त्याचा जन्म २६ मार्च १९३१चा, बॉस्टनच्या वेस्ट एंड वस्तीतला. आईवडील युक्रेनमधून आलेले ज्यू. वडील न्हावीकाम करायचे. घरात यिडिश, शाळेत इंग्रजी, शेजारात इटालियन. अशा घरातल्या मुलाचा कान लवकर तयार होतो, कारण कोणती भाषा कुणाशी बोलायची हे त्याला आधी ऐकून ठरवावं लागतं. वस्तीतल्या एलिझाबेथ पीबडी हाउसच्या छोट्या रंगमंचावर तो लहानपणापासून नाटकं करायचा. सतराव्या वर्षी क्लिफर्ड ओडेट्सच्या ‘अवेक अँड सिंग!’मध्ये त्याला राल्फ मिळाला: मंदीच्या काळातल्या ज्यू कुटुंबात घुसमटणारा तरुण. आपल्या घरातलं बोलणं रंगमंचावर येऊ शकतं हे त्याला तिथे उमगलं. मग व्हॅक्यूम क्लीनर विकून जमवलेल्या पैशांवर त्याने कॅलिफोर्निया गाठलं.

पुढची पंधरा वर्षं मी झटपट उरकतो: फुटकळ भूमिका, लष्करातली नोकरी, टॅक्सी चालवणं. यात थांबण्याजोगी गोष्ट एकच, ती म्हणजे जेफ कोरी. साम्यवाद्यांची नावं सांगायला नकार दिला म्हणून हॉलिवुडने या नटाला काळ्या यादीत टाकलं होतं. पडद्यावरचं काम गेलं, म्हणून कोरी अभिनय शिकवायला लागला. निमॉय त्याच्याकडे शिकला आणि पुढे तिथेच शिकवू लागला. संवादाच्या खाली दडलेलं बोलणं ऐकायची सवय त्याला त्या वर्गात लागली.

दुसरा गुरू गायक हॅरी बेलाफॉन्टे. लॉस एंजेलिसच्या ग्रीक थिएटरमधल्या एका कार्यक्रमात बेलाफॉन्टे बराच वेळ हालचाल न करता गात राहिला आणि मग त्याने फक्त एक हात वर नेला. सारं प्रेक्षागृह हललं. ही आठवण निमॉयने स्वतः लिहून ठेवली आहे. स्थिर राहणाऱ्याची एक हालचाल लाख मोलाची असते, हा धडा त्याने तिथे घेतला.

‘स्टार ट्रेक’च्या नाकारल्या गेलेल्या पहिल्या भागात स्पॉक चक्क ओरडतो, हसतोही. तो आपल्याला माहीत असलेला स्पॉक नव्हे. पुढे दिग्दर्शक जोसेफ सार्जंटने त्याला सुचवलं, की सगळे घाबरलेले असताना तू शास्त्रज्ञासारखा कुतूहलाने बघ. तेव्हापासून स्पॉक थांबून, ऐकून, मग बोलू लागला. शिबिरांत मी मुलांना मालिकेतला एखादा प्रसंग आवाज बंद करून दाखवतो आणि विचारतो, कोण ऐकतंय? सगळ्यांची बोटं एकाच माणसाकडे जातात.

बोटं वेगळी करून केलेला तो प्रसिद्ध सलाम १९६७च्या ‘अमोक टाइम’ या भागातला. लहानपणी सिनेगॉगमध्ये पुरोहित वंशाचे लोक आशीर्वाद देत असताना डोळे झाकून घ्यायचे, बघायचं नाही, अशी वडिलांची ताकीद होती. पोराने डोकावून पाहिलं आणि ती हाताची मुद्रा कायमची लक्षात ठेवली. सगळे हे डोकावणं सांगतात. मला महत्त्वाचा वाटतो तो त्याआधीचा क्षण. डोक्यावरून शाली ओढलेल्या त्या पुरुषांच्या विलक्षण आर्त स्वरांनी आधी त्याचे कान उघडले, डोळे त्यामागून उघडले.

पडद्याबाहेरही त्याचं हेच वागणं होतं. १९६८मध्ये एका मुलीने स्पॉकच्या नावे पत्र लिहिलं. आईवडील वेगवेगळ्या वर्णांचे, त्यामुळे कोणत्याच गटात सामावून घेत नाहीत, हे तिचं दुःख. स्पॉकही अर्धा मानव, अर्धा परग्रहावरचा व्हल्कन. निमॉयने एका मासिकातून तिला सविस्तर उत्तर लिहिलं. मालिकेतली सहनटी निशेल निकल्स हिला इतर सहकाऱ्यांपेक्षा कमी पैसे मिळतात हे सहनट वॉल्टर कोनिगने कानावर घालताच तो व्यवस्थापनाकडे गेला आणि ती तफावत दूर झाली. ‘स्टार ट्रेक’च्या १९७३च्या ॲनिमेटेड मालिकेत निकल्स आणि सहनट जॉर्ज टाकेई नसतील तर मीही नाही, असं त्याने ठामपणे सांगितलं, आणि दोघांना घेण्यात आलं.

७९ भागांनंतर १९६९मध्ये मालिका बंद पडली. ‘मिशन इम्पॉसिबल’ची दोन वर्षं मी ओलांडून जातो. तिथे त्याला वेषांतरं भरपूर मिळाली, ऐकायला माणूस मिळाला नाही. गाण्याच्या तबकड्यांबद्दलही फार बोलण्यासारखं नाही. १९७५च्या ‘आय ॲम नॉट स्पॉक’ या पुस्तकावरून मात्र आजही लोक त्याला कृतघ्न म्हणतात. पुस्तक उघडलेला माणूस असं म्हणणार नाही. त्यात निमॉय आणि स्पॉक यांचे संवाद आहेत, एकमेकांना ऐकणाऱ्या दोघांचे. वीस वर्षांनी त्याने ‘आय ॲम स्पॉक’ लिहिलं तेव्हा, पाहा, शेवटी शरण आला, असा गलका झाला. शरण कसला? संवाद चालूच होता.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या प्रांतात येतो. निमॉय मुळात रंगमंचाचा माणूस. सत्तरच्या दशकात त्याने ‘फिडलर ऑन द रूफ’मधला तेव्ये केला, शेरलॉक होम्स केला, आणि १९७७मध्ये ब्रॉडवेवर ‘इक्वस’मधला डॉक्टर डायसार्ट केला. हा मानसोपचारतज्ज्ञ नाटकभर एका मुलाचं ऐकत राहतो आणि ऐकता ऐकता स्वतःच उसवत जातो.

पण त्याचं शिखर ‘व्हिन्सेंट’. फिलिप स्टीफन्सच्या नाटकावरून त्याने स्वतः बेतलेला हा एकपात्री प्रयोग. चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगच्या अंत्यविधीला आठवडा झालाय. त्या दिवशी त्याचा भाऊ थिओ याला चार शब्द बोलता आले नाहीत, म्हणून त्याने लोकांना पुन्हा बोलावलंय. भावाची पत्रं हातात घेऊन तो बोलतो, आणि पत्र वाचता वाचता थिओचा व्हिन्सेंट होतो. या नाटकाचे निमॉयने गावोगावी दीडशेच्या आसपास प्रयोग केले. १९८१मध्ये मिनियापोलिसच्या गथ्री थिएटरमध्ये त्याचं चित्रीकरण झालं.

भाचीने ती कॅसेट अमेरिकेहून आणली तेव्हा आमच्या व्हीसीआरवर ती लागेना. तिकडची चित्रप्रणाली एनटीएससी, आपली पॅल. मल्टिसिस्टिम व्हीसीआर असलेलं घर शोधायला दोन महिने गेले. ज्या रात्री ती पाहिली त्या रात्री मला झोप आली नाही. एकपात्री म्हटलं की एका माणसाने पंधरा माणसांचे आवाज काढायचे, ही समजूत माझ्या मनात घट्ट होती. निमॉय व्हिन्सेंटची नक्कल करत नव्हता. वर्षानुवर्षं ऐकून अंगात मुरलेला भावाचा आवाज थिओच्या तोंडून आपोआप येत होता. जग थिओला पैसे पाठवणारा भाऊ म्हणून ओळखतं. निमॉयने दाखवला तो भावाला ऐकणारा भाऊ. ऐकायला कुणी उरलं नाही आणि सहा महिन्यांत, २५ जानेवारी १८९१ला, थिओही गेला. वय ३३.

या प्रयोगाबद्दल आपल्याकडे कुणी लिहीत नाही. त्या रात्रीनंतर मी जमेल तिथे ही कॅसेट दाखवत आलो, आणि जो आला तो गप्प होऊन घरी गेला.

दिग्दर्शक निमॉयबद्दल सगळे ‘थ्री मेन अँड अ बेबी’चा गल्ला सांगतात. १९८७मध्ये अमेरिकेत सर्वाधिक कमाई त्या चित्रपटाने केली, हे खरंच आहे. पण त्याची सही आहे ती १९८६च्या चौथ्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटावर, ज्याच्या कथेतही त्याचा वाटा होता. अंतराळातून एक यान पृथ्वीला साद घालतं आणि उत्तर न मिळाल्याने समुद्र खवळतात. ती साद माणसांसाठी नाहीच, ती हम्पबॅक देवमाशांसाठी आहे, हे स्पॉक ओळखतो. आणि ते देवमासे तर माणसाने केव्हाच संपवलेत. उत्तर देणारंच कुणी उरलं नाही म्हणून जग बुडायला निघालंय! ही कल्पना त्याला सुचली यात मला नवल वाटत नाही. त्याच वर्षी दुर्घटनेत गेलेल्या चॅलेंजर यानाच्या अंतराळवीरांना त्याने तो चित्रपट अर्पण केला.

माझी तक्रारही नोंदवतो. १९७७पासून पाच वर्षं ‘इन सर्च ऑफ...’ या मालिकेत त्याने परग्रहवासी, भुतंखेतं, दैत्य यांच्यावर निवेदन केलं. ज्या १९६६ साली ‘स्टार ट्रेक’ सुरू झाली त्याच साली मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. मी परिषदेच्या व्याख्यानांवर वाढलेला माणूस. स्पॉकच्या आवाजाचं वजन असल्या विषयांना मिळावं हे मला तेव्हाही खुपलं, आजही खुपतं.

आणखी एक गोष्ट लपवू नये. मालिकेच्या दिवसांत त्याला दारू लागली आणि ती अनेक वर्षं सुटली नाही. हे त्याने पुढे जाहीरपणे सांगितलं. मुलगा ॲडम त्याच वाटेने गेला आणि बापलेकांत वर्षानुवर्षांचा दुरावा आला. जगाचं ऐकणाऱ्या या माणसाला घरातलं ऐकू यायला फार उशीर झाला. पण आलं. दोघेही सावरले, जवळ आले, आणि बापाच्या पश्चात २०१६मध्ये मुलाने त्याच्यावर जिव्हाळ्याचा माहितीपट केला.

उत्तरायुष्यात त्याने लहानपणीचा छंद पुन्हा हाती धरला: कॅमेरा. त्याच्या छायाचित्रांचं व्याख्यान संपल्यावर एका लठ्ठ बाईने विचारलं, तुमच्या चित्रांत माझ्यासारखं शरीर का दिसत नाही? दुसऱ्या कुणी हसून वेळ मारून नेली असती. निमॉयने तो प्रश्न घरी नेला. त्यातून २००७चं ‘फुल बॉडी प्रोजेक्ट’ हे पुस्तक झालं. मग ‘सीक्रेट सेल्व्हज’. मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थॅम्प्टनमध्ये त्याने साध्या माणसांना बोलावलं: तुमच्या आत लपलेलं रूप घेऊन या. माणसं येत, आधी त्याच्याशी बोलत, मग उभी राहत. कॅमेऱ्याआधी कान.

मला सर्वांत जास्त हलवते ती यिडिशची गोष्ट. आजीआजोबांची ती भाषा बोलायला लॉस एंजेलिसमध्ये त्याला कुणी भेटेना. शेवटी त्याने यिडिश जाणणारा एक मानसोपचारतज्ज्ञ शोधला आणि केवळ त्या भाषेत गप्पा मारण्यासाठी तो तासाचे पैसे मोजू लागला. परदेशी स्थिरावलेल्या मराठी आजोबांना हे वाचून काय वाटेल, ते मी सांगायला नको.

२००९च्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटात म्हातारा स्पॉक तरुण स्पॉकसमोर उभा राहतो तो प्रसंग पुन्हा पाहा. निमॉय तिथे तरुण स्पॉक झालेल्या झाकारी क्विंटोला पुरी जागा देतो. स्वतःची भूमिका दुसऱ्याच्या हाती सोपवताना इतका निवांत नट मी दुसरा पाहिला नाही. पुढे श्वास अपुरा पडू लागला. तीस वर्षांपूर्वी सोडलेल्या सिगारेटने फुप्फुसं पोखरली होती. २०१४मध्ये त्याने सीओपीडी या फुप्फुसांच्या आजाराची बातमी स्वतः सांगितली आणि तरुणांना विनवलं, आजच सोडा. ज्यांना आजोबा नाहीत त्यांचा मी मानद आजोबा होतो, असंही त्याने ट्विटरवर जाहीर केलं होतं. २७ फेब्रुवारी २०१५ला तो गेला, ८३व्या वर्षी. दुसऱ्या दिवशी अंतराळ स्थानकातून अंतराळवीर टेरी व्हर्ट्सने बोटं वेगळी करून सलाम केला. खिडकीखाली बॉस्टन होतं.

आज शिबिरात येणारी मुलं हुशार आहेत, आमच्यापेक्षा चपळ आहेत. पण समोरचा बोलत असताना त्यांचे ओठ हलतात. पुढचं वाक्य आत घोळत असतं. मालिकांत तर ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा तीनदा आपटतात, कारण तिथे कुणी ऐकत नसतं आणि दिग्दर्शकाला ते माहीत असतं. हे मला दुखतं. प्रेक्षकही तसेच होत चाललेत. आईसारखं तांदूळ निवडता निवडता कोण ऐकतंय हे हेरणारा प्रेक्षक आता कुठे भेटतो?

आई जाऊन बरीच वर्षं झाली. तिचं ते वाक्य मी दर शिबिरात पहिल्या दिवशी फळ्यावर लिहितो. खाली नाव लिहीत नाही. मुलं विचारतात, हे कोणत्या आचार्याचं? मी सांगतो, आणि मग आवाज बंद करून स्पॉक लावतो.