रूळ की रस्ता? दौंड-शिरूरमधलं बजेटातलं घर

पुण्यात वन-बीएचकेचा भाव ऐकून पूर्वेकडे वळलेल्या कुटुंबापुढे दोन वाटा असतात. एक सोलापूर रस्त्याला समांतर जाणारा लोहमार्ग, दुसरी नगर रस्ता.

दौंडची जमेची बाजू म्हणजे जंक्शन. पुणे-दौंड मार्गाचं विद्युतीकरण 2017 मध्ये झालं. उरुळी, यवत, केडगाव, पाटस ही स्थानकं याच मार्गावर. नोकरी पुणे स्टेशनाच्या आसपास असेल, तर मासिक पास पेट्रोलच्या खर्चापुढे किरकोळच. मात्र कुरकुंभच्या रासायनिक औद्योगिक वसाहतीजवळ घर पाहताना वाऱ्याची दिशा आणि विंधनविहिरीचं पाणी आधी तपासावं.

शिरूरला रेल्वे नाही. ज्यांची पाळी रांजणगाव किंवा सणसवाडीच्या कारखान्यात, त्यांना त्याची फिकीरही नाही! रोज वाघोलीच्या कोंडीतून पुण्यात जाणाऱ्याने मात्र दोनदा विचार करावा. शिवाय शिरूरला घोडनदी, दौंडला भीमा. त्यामुळे पूररेषेचा नकाशा पाहणं आलंच.

स्वस्त गुंठ्यांच्या जाहिरातींत खरी मेख असते. सामायिक सातबाऱ्यावर नाव लागलं, तरी बांधकाम परवानगी आणि गृहकर्ज दोन्ही अडू शकतं. बिनशेती आदेश, मंजूर रेखांकन आणि मोठ्या प्रकल्पाचा महारेरा क्रमांक हे विसार देण्याआधीच मागावं.